यार्डातलं डिझेल आणि आमचे लंगोट

सोमवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी हे सगळं सुरू झालं. वेळ पक्की सांगते, कारण तेव्हाच मी छायाचे लंगोट दोरीवर घातले, आत येऊन तिला मऊ भात भरवला आणि परत मागच्या अंगणात गेले, तर लंगोट काळे. तेव्हापासून किस्से साठतच गेले. आता लीड्समध्ये कुणाकडेही हळदीकुंकवाला गेले की बायका चहा ओतायच्या आधी विचारतात, "काय गं, तुझं इंजिन काय म्हणतंय?"

माझं कसलं? रेल्वेचं. आमच्या घरामागे कुंपण आणि कुंपणाला लागून यार्ड. तिथे एक डिझेल इंजिन उभं, आणि उभ्या उभ्या चालू. मागे डबे नाहीत, कुठे जायचं नाही, नुसती घरघर आणि वर काळा धूर. आमची छाया अजून रांगतही नव्हती. छाती भरलेली. खोकायला लागली की ओठ निळे पडायचे, आणि मी तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघत बसायचे.

*

आमचे हे त्याच यार्डात सेकंडमन. म्हणजे इंजिनात ड्रायव्हरच्या शेजारी बसायचं आणि डबे गरम ठेवणारा बॉयलर सांभाळायचा. मी म्हटलं, "अहो, गाडी सुटायची नाही तर इंजिन बंद का करत नाहीत?"

"थंडीत बंद केलं तर परत सुरू होत नाही. बॅटरी दगा देते."

"म्हणजे काडेपेटी सादळेल म्हणून गॅस दिवसभर पेटता ठेवायचा?"

"अगं, फोरमनसाहेबांना जाऊन असलं काही बोलू नकोस. मला सगळ्या पहाटेच्या ड्यूट्या लावतील."

मी काळे लंगोट परत साबणात बुडवले. हे त्यालाच होकार समजले.

*

निदान शेजारच्या डोरिसबाई तरी माझ्या बाजूनं बोलतील असं वाटलं. जन्म सगळा या यार्डाच्या कडेला गेलेला. त्यांना लंगोट दाखवले. त्या चष्मा पुसून म्हणाल्या, "हे काळं? कोळशाच्या इंजिनांच्या वेळी माझ्या चादरी दोरीवर जायच्या आधीच काळ्या व्हायच्या, लव्ह. तुम्हा पोरींची चैन आहे." इकडच्या बायका कुणालाही लव्हच म्हणतात.

पूर्वी पटकी होती म्हणून आता हगवण गोड मानून घ्यायची का? हे मला इंग्रजीत म्हणायचं होतं. पण आमच्या शाळेत सातवीपर्यंत तो धडा काही आला नाही.

*

एका शनिवारी दारात दोन बाप्ये. चांगले पोक्त, गळ्यात कॅमेरे. म्हणाले, "तुमच्या अंगणातून ते इंजिन फार छान दिसतं. या जातीची आता थोडीच उरली आहेत. लवकरच मोडीत निघतील."

"कधी?" मी आशेनं विचारलं.

त्यांना वाटलं, मलाही वाईट वाटतंय. एकानं माझं सांत्वन केलं. दुसरा म्हणाला, "दोरीवरचे कपडे जरा काढाल का? फोटोत येतात."

पोरगी आत खोकतेय आणि यांना इंजिनाचा फोटो हवा! मी म्हटलं, "काढते की. धरा." दोघांच्या हातांवर कोपरापर्यंत ओले लंगोट रचले आणि आत येऊन दार लावलं. आता कॅमेरा कुणी उचलायचा ते त्यांनी ठरवावं.

*

छायाला मँचेस्टरच्या एका मराठी डॉक्टरांना दाखवायचं ठरलं. नेमकी त्याच गाडीवर यांची ड्यूटी, आणि पुढे आमच्या मागचंच इंजिन. मी निर्धास्त होते, बॉयलर घरचाच म्हणून. डोंगर लागले आणि डबा गार पडला. तोंडातून वाफा निघायला लागल्या. मी छायाला माझ्या कोटात घेतलं, वरून शाल गुंडाळली.

समोरची म्हातारी म्हणाली, "पुढे बॉयलरवर बसलाय तो माणूस झोपलाय वाटतं."

"तो माणूस माझा नवरा आहे," मी म्हटलं. "आणि तो पहाटेपासून जागा आहे."

मँचेस्टरला हे खाली उतरून आले, तोंड तेलकट, बोटं भाजलेली. बॉयलर तीनदा पेटवला, तीनदा विझला म्हणाले. मग मात्र माझा धीर सुटला. "बाहेर उभं असतं तेव्हा बंद होत नाही आणि पोर आत बसलं की विझतं? हे इंजिन आहे का माझी नणंद?" फलाटावरच मी मराठीत सगळं सुनावलं. यार्ड, धूर, लंगोट, काही ठेवलं नाही.

म्हातारी पाठीमागे उभी होती. माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाली, "अगदी बरोबर बोललीस, लव्ह."

*

डॉक्टर म्हणाले, पोरीला धुरापासून लांब ठेवा. झालं. मी फोरमनकडे गेले. लंगोट वाळवून, घडी घालून नेले होते. त्यानं वरची काजळी फुंकरीनं उडवली. "डिझेल स्वच्छ असतं, मॅडम. माझी बायको याच यार्डाच्या दुसऱ्या टोकाला राहते. तिची कधी तक्रार नाही." आणि परत देताना म्हणाला, "घडी छान घालता."

दुसऱ्या दिवशी ओलेच नेले. पिळले नाहीत. त्याच्या टेबलावर एकेक पसरले. काळं पाणी त्याच्या सँडविचपर्यंत गेलं तेव्हा तो उठला आणि दारातून ओरडला, "न्या ते धूड दुसऱ्या टोकाला!"

संध्याकाळी हे घरी आले ते हसू दाबत. "ड्रायव्हरनं साहेबांचा हुकूम तंतोतंत पाळला," एवढंच म्हणाले आणि जेवायला बसले.

छाया त्या आठवड्यात पहिल्यांदा सलग झोपली. ओठ गुलाबी. मी तरी सवयीनं बोट धरून बघतच होते.

पुढच्या सोमवारी बेल वाजली. दारात एक ठेंगणी बाई, डोक्याला रुमाल, हातात बादली.

"मी फोरमनची बायको," ती म्हणाली. "त्याच्या टेबलावर कपडे पसरलेस ती तूच ना?"

मी छायाला घट्ट धरलं. म्हटलं, "हो. मीच."

तिनं बादली खाली ठेवली. आत पांढऱ्या चादरी होत्या, म्हणजे एके काळी पांढऱ्या.

"मला एवढंच सांग," ती म्हणाली, "ओले नेलेस की वाळवून?"

तेव्हा बायांनो, यार्डाशेजारी तुमचं कुणी राहत असेल तर माझा निरोप पोचवा. ओलेच न्या. आणि पिळू नका.