म्हशीचा चीक, सुनेचा चीक

१७ जून २०२४ रोजी दिवेआगरच्या कमळबाईंनी श्रीवर्धनहून ८४५ रुपयांचा दुधाच्या पावडरीचा डबा आणवला, तेव्हा सून मृणालीला कळाही सुरू झाल्या नव्हत्या. दोन दिवसांनी कळा एकदम वाढल्या. दवाखान्यात न्यायला वेळ उरला नाही, म्हणून नर्स मंदा चोगले रिक्षा करून घरी आल्या. बत्तीस वर्षांतली बाळंतपणं त्यांना आठवत नसत; अडाणी सासवा मात्र एकूण एक लक्षात होत्या.

मृणाली सुखरूप सुटली. मंदाताईंनी मुलगी तिच्या छातीशी दिली, तशा कमळबाई डबा घेऊन आडव्या आल्या.

"सिस्टर, पहिलं दूध नासकं असतं. तीन दिवस पिळून टाकायचं. मी पन टाकलं व्हतं."

"मागच्या महिन्यात म्हैस व्याली, तिचा चीक कुठं टाकलात?"

"टाकीन कशाला? खरवस केला. तुमच्याकडं पन धाडला की!"

"म्हणजे म्हशीचा चीक गावभर वाटायचा आणि सुनेचा मोरीत ओतायचा! कमळवहिनी, तुमच्या नातीपेक्षा रेडकू नशीबवान. त्याला आजी नसते."

मृणालीला हसू फुटलं. तेवढ्यात मुलगी चुटूचुटू ओढू लागली, आणि कमळबाई तोंड वाकडं करून बाहेर गेल्या.

मुलगी दीड वर्ष अंगावर प्यायली. मंदाताईंच्या रिक्षाचे साठ रुपये कमळबाईंनी अजून दिलेले नाहीत.