बोडीचा गाळ

जेवण आटोपून कौतिका घटकाभर खाटेवर आडवी होते. चार वाजता कचेरीत शेताची खरेदी आहे, त्यातल्या बोडीसकट, म्हणजे लहान तळ्यासकट. बोडी बारमाही आहे, असं विकणारा शपथेवर सांगतो. पण श्रावणात कुठलंही तळं बारमाहीच दिसतं. पापण्या जड होतात, खाटेचा सुंभ ओला लागतो, आणि ती बोडीच्या पाळीवर, मातीच्या बांधावर बसलेली असते.

शेजारी तिचा नवरा डोमाजी, खांद्यावर जाळं. त्याला जाऊन नऊ वर्षं झालीत.

"काठोकाठ हाये, कौतिके," तो म्हणतो. "मार अंगठा."

"तवाबी असंच म्हटलं होतं तुमी."

तेव्हाही श्रावणच होता. भरलेली बोडी पाहून डोमाजी भुलला, कागदावर तिचा अंगठा उठवून घेतला, आणि गावानं होळी त्याच आटलेल्या बोडीत पेटवली.

"पावसानं दगा देल्ला."

"पावसाले बोल नोका लावू. तुमी पाणी पायलं, बूड पायलं नाही."

पाळीची आता कचेरी झाली आहे. टेबलावर शाईचं पॅड, फरशीवर गुडघाभर पाणी, आणि कारकून त्यात पाय सोडून निवांत लिहितो आहे. डोमाजी पॅड पुढे सरकवतो.

"मी सही करतो," ती म्हणते. साठीत शिकलेली तीन अक्षरं आहेत तिच्याजवळ.

"अक्षरानं पाणी टिकते का?"

"नाही टिकत. म्हणून तं बूड पायतो." ती लुगडं खोचते.

"बाईनं बोडीच्या पोटात हात घालू नये. बोडी आटते."

"मागची कोणं आटवली मंग? माहा तं हात लागला नव्हता."

डोमाजी जाळ्याच्या गाठी चाचपत राहतो. ती वाकते, खांद्यापर्यंत हात घालते. आटणाऱ्या बोडीचा गाळ पांढुरका, उन्हानं भाजलेला. न आटणाऱ्या बोडीचा काळा, लोण्यासारखा. मासे धरणाऱ्या ढिवराच्या लेकीला हे अक्षरांच्या कितीतरी आधी वाचता येतं. अंगठा आत, आणखी आत जातो.

"काय लागलं?" डोमाजी हळूच विचारतो.

"मले कदी विचारलं होतं तुमी?"

जाग येते. तीन वाजलेत. उजवा अंगठा पेरापर्यंत काळा आहे, गार आहे. ती तो नाकाशी नेते: कुजलेल्या कमळदेठांचा वास.

कौतिका अंगठा धूत नाही. त्याच हातानं पेन उचलते आणि पायात चपला सरकवते.