बांधावरचा तट

“तट काढून टाका,” मॅडम म्हणाल्या. “कोणी बांधतच नाही. गेमच्या पुढच्या बिल्डमध्ये मला तो दिसायला नको.”

मॅडम म्हणजे आमच्या पब्लिशर. त्या बंगळुरूला असतात, आम्ही नगरला, सावेडीत, एका टाइल्सच्या दुकानाच्या वर. आम्ही गेम बनवायचा आणि त्यांनी तो बाजारात आणायचा. कॉल स्पीकरवर होता. आमचे बॉस निलेश सर नुसतीच मान डोलावत होते. माझ्या शेजारी वैशाली बसली होती. गेममधला एकूण एक तट, बुरूज आणि दरवाजा तिने घडवलेला. तिचं कॉन्ट्रॅक्टच त्या कामाचं. तट गेला की तीही जाणार, हे खोलीत सगळ्यांना कळत होतं.

कॉल संपल्यावर तिनेच विचारलं. “म्हणजे मलापण डिलीट करायचं का?”

तसं नाही गं, असं सर म्हणाले. आपल्या जिल्ह्यात राहून हे काम करता येतं म्हणून ही पोरगी पुण्यातली नोकरी सोडून आलेली. मी सरांकडे शुक्रवारपर्यंत वेळ मागितला. त्यांनी दिला, पण ‘बघ बाई’ अशा चेहऱ्याने.

माझं काम बॅलन्सिंगचं. आमचा गेम टर्न-बेस्ड आहे, म्हणजे बुद्धिबळासारखा आळीपाळीने खेळायचा. दर टर्नला थोडं धान्य आणि थोडे दगड मिळतात. त्यातून घोडेस्वार घ्यायचे, तिरंदाज घ्यायचे की तट बांधायचा, हे तुम्ही ठरवायचं. एकच गोष्ट घेऊन कोणी सारखं जिंकायला लागलं की गेम मेला. आणि एखादी गोष्ट घेऊन कोणी सारखं हरायला लागलं तरी तेच. आमच्याकडे तट बांधणारा हमखास हरायचा. मग कशाला कोण बांधतंय?

मी आधी सोपा उपाय केला. तट मजबूत करून टाकला. मग इम्रानला खेळायला बसवलं. इम्रान आमचा प्रोग्रामर, नगर जिल्ह्यातल्याच बेलापूरचा. मी तट बांधून आत बसले, तोही बांधून आत बसला. कोणाचाच पडेना. लग्नाच्या बोलणीत रुसलेल्या पाहुण्यांसारखे आम्ही आपापल्या जागी बसून राहिलो. शेवटी इम्रानने जांभई दिली आणि चहाला निघून गेला.

मग तट स्वस्त केला. मी पूर्ण राज्याभोवती तट घातला, आणि हा पठ्ठ्या पार पूर्वेच्या कोपऱ्यातून तो फोडून आत शिरला, जिथे माझं चिटपाखरू नव्हतं. तिरंदाज तिथवर पोचेपर्यंत त्याने कोठार लुटून डाव जिंकला होता. मी हात टेकले. तट पुन्हा होता तसा करून ठेवला.

वैशाली हे सगळं मागून बघत होती. चित्रं काढणारी माणसं सहसा गेम खेळत नाहीत, तीही नव्हती खेळली. पण आता तिने माझ्या समोरची खुर्ची ओढली.

“मला खेळू दे. ज्याच्यापायी घरी बसणार, ते एकदा बघू तर दे.”

हल्ला माझा, बचाव तिचा. नकाशा डोंगराळ होता. दोन्ही बाजूंना कडे, मधे एक खिंड आणि खिंडीच्या मागे तिचं कोठार. पहिल्याच टर्नला तिने खिंडीत तट ठेवायला घेतला. स्क्रीनवर लाल अक्षरं आली: ‘इथे तट बांधता येत नाही.’ तिने परत क्लिक केलं. परत लाल. मग ती माउस आपटायला लागली. मी तिला समजावलं की तट फक्त हद्दीवर बांधता येतो, राज्याच्या कडेने.

“का?”

“का म्हणजे? कुंपण बांधावरच घालतात ना.”

हे बोलले आणि माझं मलाच ऐकू आलं.

तो नियम ठरला त्या मीटिंगला सर, इम्रान आणि मी होतो. सर शेवगावचे, इम्रानच्या घरचा ऊस, आमची राहात्याला पेरूची बाग. सगळे सपाट मुलखातले. आमच्याकडे कुंपण बांधावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, असंच असतं. कपात चहा ओतेपर्यंत नियम पास झाला होता. आणि खरं सांगू का, आमच्या बागेचं कुंपण चोरासाठी नव्हतंच कधी. चोर येऊन पेरू न्यायचेच. कुंपण होतं ते बांध कोरणाऱ्या शेजाऱ्यासाठी. आम्ही मोठ्या अकलेने तेच कुंपण घोडदळासमोर उभं केलं होतं.

वैशाली अकोले तालुक्यातली, डोंगरातली, भंडारदऱ्याच्या बाजूची. ती तेव्हा कंपनीत आलेलीच नव्हती. रागावली की तिची गावची बोली बाहेर येते.

“आमच्याकडं डोंगराला कुंपन घालायला कोनी येडं हाय का? वाट एकच असती. ती अडवायची न् वर चार मानसं बसवायची.”

इम्रानने कपाळावर हात मारला आणि नियम काढून टाकला. तेवढ्याला त्याचा चहासुद्धा थंड झाला नाही.

आम्ही पुन्हा बसलो. तट तोच, जुनाच, लेचापेचा. माझं घोडदळ खिंडीत शिरलं आणि तटाला धडकलं. दोन टर्नमध्ये मी तो पाडला. पण त्या दोन टर्न वरून तिचे तिरंदाज माझे स्वार टिपून काढत होते, आणि तोवर तिची गावातली कुमकही येऊन पोचली. तट पडला तेव्हा आत शिरायला माझ्याकडे कोणी उरलंच नव्हतं. वैशाली खुर्चीतून उठून चक्क नाचली. पुढच्या डावात मी खिंड सोडून डोंगराला लांबचा वळसा घालून मागून गेले आणि तिला हरवलं. तेव्हा मात्र मी नाचले, कारण तट बांधूनही माणूस हरू शकत होता. आता बॅलन्स जमला होता.

शुक्रवारी मॅडमचा कॉल लागला तेव्हा सरांचं तोंड उतरलेलं. मॅडमनी तट काढायला सांगितला होता आणि आम्ही तो कुठेही बांधायची सोय करून ठेवली होती. मी मॅडमना विनंती केली की आधी एक डाव खेळा, मग ठरवा. त्यांनी हल्ला घेतला, वैशालीने बचाव. स्पीकरवर नुसती माउसची टिकटिक. मॅडम खिंडीत अडकल्या, आणि हरल्या.

सर माझ्याकडे बघेनात.

“अजून एकदा,” मॅडम म्हणाल्या.

त्या तीनदा खेळल्या. शेवटच्या डावात जिंकल्यावर म्हणाल्या की तट राहू दे, पण दरवाजे वेगवेगळे हवेत, हत्तीला अडवणारे खिळ्यांचेसुद्धा. म्हणजे गेम बाजारात येईपर्यंत वैशालीला काम. तिने माझा हात एवढा दाबला की बांगडी रुतली. मला रडूच आलं.

तट शत्रूला थांबवत नाही, आपली माणसं पोचेपर्यंत त्याला खोळंबून ठेवतो. तेवढं पुरतं. फक्त तो त्याच्या वाटेवर पाहिजे. मी इतकी वर्षं बॅलन्सिंग करतेय, आणि हे मला आत्ता कळलं.

सोमवारी आले तर वैशालीचं टेबल जागेवर नव्हतं. बघते तर तिने ते ओढत नेऊन मीटिंग रूमच्या दारात लावलेलं, जेमतेम एक माणूस जाईल एवढी फट सोडून. सरांनी विचारलं, हे काय?

“आता नियम ठरवायला आत जायचं तर इथूनच जावं लागेल,” ती मान वर न करता म्हणाली.

सर अंग चोरून आत गेले. मग दारातून डोकं बाहेर काढून म्हणाले, “तूही ये.”