वाळूवरचं भरीत

मी सासऱ्यांना समुद्रात बुडवायला निघालो होतो, असं गावात कोणी म्हणत असेल तर ते साफ खोटं आहे. बुडत होती ती फक्त खुर्ची. (आबा तिच्यावर बसलेले होते, एवढंच.)

त्याचं असं झालं. निवृत्तीनंतर समुद्राकाठी राहायचं, ही माझ्या बायकोची, सुनंदाची, लग्नाआधीपासूनची हौस. म्हणून जळगावातल्या मेहरूण भागातलं घर बंद करून आम्ही कोकणातल्या एका खेड्यात भाड्यानं राहायला आलो. गाव इतकं निवांत, की सकाळी नारळ पडला तर संध्याकाळपर्यंत त्याचीच चर्चा! तरुण मंडळी सगळी मुंबईला. साठी उलटलेले आम्ही दोघं सामान उतरवत होतो, तेव्हा शेजारचे ब्याऐंशी वर्षांचे दामूअण्णा कौतुकानं म्हणाले, "बरं झालं, गावात जरा पोरंबाळं आली!"

पंधरवड्यात अमळनेरहून आबा थडकले. म्हणायला लेकीला भेटायला, खरं तर तिला परत न्यायला.

"बठ्ठं गाव म्हातारं शे!" ओटीवर टेकायच्या आधीच त्यांनी सगळ्या गावाचा निकाल लावला. "काही व्हयनं तं उचलाले कोन येई? चाल घर, सुनंदा."

सुनंदाचा चेहरा पडला. वडिलांचा शब्द तिनं आजवर मोडलेला नाही. (माझे किती मोडले, ते जाऊ द्या.)

गावाची आणि आबांची गट्टी जमवायलाच हवी होती. आणि माणसं जोडायची आम्हा खान्देशींना एकच रीत ठाऊक: भरीत पार्टी! आबांनी गोणीभर हिरवी वांगी आणली होतीच, वर ती भाजायला कपाशीच्या काड्यांची मोळीसुद्धा. रेल्वेतून! आता जागा? आमच्याकडे असली पार्टी गिरणेच्या कोरड्या पात्रात रंगते. इथं तर घरासमोरच केवढी तरी वाळू पसरलेली, सपाट, आणि गिरणेपेक्षा कितीतरी स्वच्छ!

मी बरोबर मधोमध काड्या रचल्या. शेजारी आबांची खुर्ची.

"जरा वर सरका," दामूअण्णा म्हणाले. "संध्याकाळी पाणी येतं इथवर."

"अण्णा, नदीत पाणी सोडतात तेव्हा आमच्याकडे आठ दिवस आधी गावात बोभाटा होतो. तुम्ही निर्धास्त बसा!"

"इथं रोज सोडतात हो," अण्णा शांतपणे म्हणाले आणि वर सुरूच्या सावलीत जाऊन बसले. त्यांच्यामागून सगळं गावच तिथं जमलं.

"खाली या की, काकू!" मी हाक मारली.

"नको, इथनं छान दिसतंय," अण्णांच्या शेजारी बसलेल्या इंदूकाकू म्हणाल्या.

काय छान दिसणार होतं, ते मला जरा उशिरा कळलं.

वांगी तडतडायला लागली, वास सुटला, आणि आबा कुरकुरले, "जवाई, मना पाय वल्ला व्हयना."

"घाम असेल, आबा!"

पुढच्या लाटेनं चूल विझली. त्याच्या पुढच्या लाटेनं ज्यात भरीत कुटतात ती लांबट लाकडी बडगी उचलली आणि ती होडीसारखी अरबस्तानच्या दिशेनं निघाली. मागोमाग वांगी. खुर्चीचे पाय वाळूत रुतले. आबा ओरडले, "अरे, समुद्र वना रे!" अशा वेळी जावयानं काय करावं? मी "अण्णा, वाचवा!" असं किंचाळत थेट सुरूच्या झाडांपर्यंत पळालो.

आणि ती म्हातारी माणसं उठली. ना गडबड, ना आरडाओरडा. धोतरं खोचली गेली. चौघांनी, ज्यांच्या वयाची बेरीज सवातीनशे भरावी, आबांना खुर्चीसकट उचललं आणि पालखीसारखं वर आणलं. इंदूकाकूंनी कासोटा मारून वांगी वेचली. कमरेएवढ्या पाण्यातून दामूअण्णा बडगी घेऊन आले, चेहरा असा, की जणू अंगणातून दूध आणलं.

भरीत शेवटी अण्णांच्या परसात, झावळ्यांवर भाजून झालं. मीठ घालावं लागलं नाही. आबा मात्र अण्णांच्या मांडीला मांडी लावून तिसऱ्यांदा वाढून घेत होते.

सुनंदानं भीतभीत विचारलं, "मग, आबा? काय ठरवलं?"

आबांनी बोटं चाटली. "लाखमा एक गाव शे. काय मानसं शेत! पोर आठेच राही." इथंच राहायची परवानगी मिळाली, तशी सुनंदा खुलली. मग ओल्या लेंग्यात कुडकुडणाऱ्या माझ्याकडे बघून आबा म्हणाले, "फक्त जवाईले मी संगे ली जास."

सुनंदा तत्काळ म्हणाली, "सकाळची एसटी आहे, आबा!"