मामांचं पांढरं

अंड्यातल्या पांढऱ्या भागावर माझ्या बायकोच्या थोरल्या मामांनी जितका जीव लावला, तितका कोंबडीनेही लावला नसेल. मामा बेलापूरचे, शाळेत व्यायामशिक्षक म्हणून हयात काढलेले. लग्न ठरल्यावर मी पहिल्यांदा त्यांच्या पाया पडलो, तेव्हा त्यांनी आशीर्वादाआधी माझा दंड दाबून पाहिला. चेहऱ्यावर काळजी पसरली. म्हणाले, "जावईबापू, रोज चार अंड्यांचं पांढरं सुरू करा. एकात साडेतीन ग्रॅम प्रोटीन, सतरा कॅलरी, चरबी जवळजवळ न्हाईच. बाकी सगळं पानी." मग आठवण झाल्यासारखं "सुखी ऱ्हा" म्हणाले.

हे आकडे त्यांनी साखरपुड्यात सांगितले, ग्रामसभेत सांगितले, एसटी स्टँडवर अनोळखी माणसाला सांगितले. संगमनेरच्या अलीकडे एका ढाब्यावर आम्ही अंडाकरी मागवली, तर मामांनी आपल्या ताटातली पिवळी चमच्याने अलगद काढून आम्हाला वाटून टाकली आणि आमची पांढरी हक्काने उचलून नेली. घरी असले की पिवळं मोतीला. तो कुत्रा इतका सुटला होता की चोर आला तरी उठावं की नाही याचा आधी विचार करायचा. एका तरुण डॉक्टरने त्यांना समजावलं, पिवळ्यातच जीवनसत्त्वं असतात, तेही खात जा. मामांनी ऐकून घेतलं. "असतील की. पन पिवळं म्हंजे मिरवनारा पाव्हना. पांढरं गपगुमान काम करून जातं," म्हणाले, आणि डॉक्टरचाही दंड दाबून पाहिला.

पुणतांब्याच्या यात्रेत कुस्तीआधी एक पैलवान दुधात कच्ची अंडी फोडून पीत होता. मामा गर्दीतून वाट काढत थेट त्याच्यापाशी. "कच्चं धड पचत न्हाई, पैलवान. उकडून खा." पैलवान हसला, पेला रिकामा केला आणि दोन मिनिटांत चीतपट झाला. समोरचा गडी त्याच्या दीडपट होता हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं, पण येताना जीपमध्ये मामांनी त्या पराभवाचं सगळं खापर कच्च्या अंड्यांवर फोडलं. आम्ही वाद घातला नाही. त्यांच्या हाताखाली शाळेतली कितीतरी काटकुळी पोरं खरोखरच अंगाने भरलेली आम्ही पाहिली होती.

आता गंमत अशी की या माणसाच्या घरात अंडं शिजत नव्हतं. मामी माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, एकादशी कधी चुकली नाही. मामांचं अंड्याचं दुकान परसात, शेवग्याखाली: वेगळी चूल, वेगळं पातेलं, वेगळी ताटली. खाऊन झालं की खळखळून चूळ भरायची आणि मगच उंबरा ओलांडायचा. श्रावणात तर चूलच बंद. तो महिनाभर मामा मटकीकडे अशा नजरेने बघत की मटकीलाच अपराधी वाटावं. पण मामींना त्यांनी कधी एका शब्दानेही "खाऊन बघ" म्हटलं नाही, आणि परसातल्या चुलीवरून मामींनी कधी कपाळाला आठी घातली नाही. उलट पाऊस आला की मामीच त्या चुलीवर पत्रा टाकून येत.

मग मामींच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. दवाखान्यातल्या आहाराच्या बाई आम्हाला समोर बसवून सांगू लागल्या, डायलिसिसमध्ये अंगातलं प्रोटीन जातं, ते भरून निघायला हवं; डाळी आणि दूध जास्त चालत नाही, त्यातले क्षार यांना सोसणार नाहीत; सगळ्यात चांगलं म्हणजे अंड्याचं पांढरं. एकात साधारण साडेतीन ग्रॅम असतं, त्या म्हणाल्या. मी मामांकडे पाहिलं. ते पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे मान खाली घालून बसले होते. शेवटी एवढंच म्हणाले, "त्या न्हाईत खात, ताई. दुसरं काय आसंल ते सांगा."

दुसरं जे होतं ते त्यांनी जिवापाड केलं. तराजू आणला, पनीर मोजून घालू लागले, मूग भिजवून त्याचं पाणी दोनदा बदलू लागले. तरी रिपोर्टातला प्रोटीनचा आकडा दर महिन्याला थोडा उतरायचा आणि मामींचे पाय सुजायचे. माझ्या सासूबाईंना, म्हणजे मामांच्या बहिणीला, राहवेना. एकदा त्या हळूच म्हणाल्या, "दादा, भाकरीच्या पिठात पांढरं कालव की. वहिनीला काय कळतंय?"

मामा चिडले नाहीत. "कळनार न्हाई, म्हनून तर नको," म्हणाले. "इतकी वर्षं तिनं माझं माझ्यापाशी ऱ्हाऊ दिलं. मी तिच्या भाकरीत चोरी करू व्हय?"

मामी आत पडून होत्या. त्यांनी ते ऐकलं असावं. संध्याकाळी आम्ही भोवती बसलो असताना त्यांनीच विषय काढला. "मी माळ उतरवून ठिवते. तुमी सांगा, खाऊ का?"

"तुझी तू ठरव," मामा म्हणाले.

मामी हसल्या. "आख्ख्या तालुक्याला सांगत फिरता, आन मला म्हनं ठरव."

"तालुका माझं कुटं ऐकतोय," मामा म्हणाले. "तू ऐकशील. म्हनून भ्या वाटतं."

मामी त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या तर मंग." पुन्हा तो विषय निघाला नाही. त्यानंतर त्या वर्षभर होत्या. गेल्या तेव्हा माळ गळ्यात होती.

परवा बेलापूरला गेलो होतो. मामा ओसरीवर बसले होते, बरेच वाळलेले. माझा दंड त्यांनी दाबला नाही. चहा झाल्यावर एकदम म्हणाले, "जावईबापू, मी तिला खा म्हनून सांगाया पायजे हुतं का वो?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला सल्ले शेकड्याने दिले होते, सल्ला कधी मागितला नव्हता. मला त्यांच्याइतका सरळ माणूस दुसरा भेटलेला नाही, आणि तेच त्यांना सांगायचं होतं. पण मी नुसता त्यांच्याजवळ सरकून बसलो. ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "खाल्लं आसतं तिनं."