पाच नंबरचा दिवा

मी इथे बरेच दिवस नुसती वाचते. लिहायचा धीर होत नव्हता, कारण माझी शाळा नववीत सुटली आणि तुम्ही सगळे फार नीट लिहिता. कुठे चुकलं तर सांभाळून घ्या. आणि हे वाचून कोणी म्हणेल की बाई घाबरट आहे, तर ते खरंच आहे, पण माझी भीती नोकरीची, व्हिसाची, इंग्लिश बोलायची. भुताखेतांची कधी नव्हती. गावाकडे कोणाला काही दिसलं की आमचे वडील म्हणायचे, झोप झाली नसेल त्याची. मीही तेच म्हणत मोठी झाले. त्यामुळे जे झालं त्याला काय म्हणायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही...

आम्ही मँचेस्टरला राहतो. नवरा, महेश, इथल्या हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. त्याच्या व्हिसावर मी आले. लग्नाआधी भोसरीत पॅनेलच्या शॉपमध्ये वायरिंग करायचे. पॅनेल म्हणजे ते लोखंडी कपाट हो, पाण्याच्या टाकीवर, लिफ्टच्या खोलीत असतं आणि दार उघडलं की आत नुसत्या वायरीच वायरी. इथे आल्यावर सगळीकडे सर्टिफिकेट मागायचे. माझ्याकडे काय सर्टिफिकेट असणार? शेवटी शहराबाहेरच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका लहान वर्कशॉपमध्ये कॉलिन भेटला. तिथला टेस्टिंगचा मुख्य. साठीच्या पुढचा, वडलांच्या वयाचा, पण इथे सगळे नावानेच हाक मारतात, म्हणून मनातही 'तो'च झाला. त्याने एक रिकामी प्लेट आणि वायरीचं बंडल माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाला, "दाखव लव्ह, काय येतं ते. तोवर मी ब्रू करतो." इकडचे म्हातारे सगळ्यांनाच लव्ह म्हणतात आणि चहाला ब्रू म्हणतात. मी पहिल्यांदा दचकलेच होते. चहा घेऊन आला, प्लेट बघितली, म्हणाला, "मंडेपासून ये."

त्या माणसाचे उपकार मी विसरू शकत नाही. शुभांगी म्हणता यायचं नाही त्याला, म्हणून मला 'शूबी' म्हणायचा.

तर, गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे एका पंपिंग स्टेशनचं काम आलं. डोंगराच्या अंगाला, मेंढ्यांच्या कुरणात जुनं स्टेशन आहे, पाणी वरच्या गावाला ढकलतं. तिथे माणूस राहत नाही. वर पॅनेलची खोली आणि जमिनीखाली पंपांची खोली, शिडीने उतरायची. तिथलं जुनं पॅनेल काढून नवीन बसवायचं होतं. सगळं ठरलं, फक्त नेटवर्क स्विच कुठला घ्यायचा ते ठरत नव्हतं. स्विच म्हणजे घरी ब्रॉडबँडच्या बाजूला असतो तसला डबा. पंप, मीटर, स्क्रीन, सगळे त्याच्यातून एकमेकांशी बोलतात. पण पॅनेलमधला डबा पत्र्याचा लागतो, पंखा नसलेला, कारण पंखा आला की धूळ आणि ओल आत ओढतो.

आमचा डिझाइन इंजिनिअर केतन. जन्म इकडचाच, आईवडील लंडनजवळ पिनरला असतात. मराठी बोलतो, पण "ताई, तुमची चहा इथे आहे" असं. त्याला स्वस्तातला डबा चालणार होता.

"स्पेसिफिकेशन सेम आहे, ताई. मग जास्त पैसे कशाला?"

कॉलिन त्याला सन म्हणायचा, म्हणजे बेटा. म्हणाला, "कॅटलॉगमध्ये सगळेच शूर असतात, सन. याला पॉवरची एकच वायर जाते. ती तुटली की पॅनेल मुकं. तिथे चिटपाखरू नसतं. मुकं झालेलं कळणार कोणाला?"

मग त्याने तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे डबे मागवले आणि माझ्या टेबलाशेजारच्या एका बंद कपाटात ओळीने लावले. खाली छोटा हीटर, बाजूला ओला टॉवेल. म्हणाला, शूबी, रोज दार उघडून बघायचं, कोण दमतो ते. मला फार बरं वाटलं. कुठला घ्यायचा हे ठरवण्यात मला विचारतायत म्हणजे... भोसरीत मला कोणी खिळा कुठला घ्यायचा हेसुद्धा विचारलं नव्हतं.

एक गोष्ट नीट सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. स्विचला वायर लावायच्या जागा असतात, त्यांना पोर्ट म्हणतात, त्यांना नंबर असतात. प्रत्येक पोर्टला बारीक हिरवा दिवा. वायर लावली आणि वायरीच्या पलीकडचं यंत्र चालू असलं तरच तो लागतो. दोन्ही टोकं जिवंत पाहिजेत. तिन्ही डब्यांना मी पहिल्या चार पोर्टमध्ये टेस्टिंगच्या यंत्रांच्या वायरी लावल्या होत्या. पाचपासून पुढे रिकामे, आणि रिकाम्या पोर्टमध्ये रबरी बुचं बसवली होती, धूळ जाऊ नये म्हणून.

त्या दिवशी कॉलिन सकाळीच एकटा स्टेशनवर गेला होता. पॅनेलच्या खोलीची मापं घ्यायला. एकट्याने साइटवर गेलं की अधूनमधून फोन करायचा असा नियम आहे. कॉलिन तो कधी पाळायचा नाही. तिथे मोबाइलला रेंजही नव्हती, म्हणून कोणी मनावरही घेत नसे. दुपारी केतन व्हॅन घेऊन त्याच्याकडे जाणार होता.

जेवणाच्या सुट्टीनंतर मी कपाटाचं दार उघडलं. मधल्या डब्याचा पाच नंबरचा दिवा लागलेला.

पोर्टमध्ये बूच तसंच होतं.

मी घाबरले, पण भुताला नाही. वाटलं माझीच वायर कुठेतरी चुकली आणि आता महागाचा डबा जळणार. प्रोबेशन अजून संपलं नव्हतं. पॉवर बंद केली, चालू केली. चार दिवे लागले, आणि थोड्या वेळाने पाचवा. मग तो डबा पूर्ण सोडवून टेबलावर ठेवला. तर शेजारच्या डब्याचा पाचवा लागला. दुसरी कंपनी, दुसरा आकार... तोही बंद केला. तेव्हा स्वस्तातल्याचा लागला. पाचच. सहा नाही, सात नाही.

केतन कोट घालून, व्हॅनची किल्ली बोटात फिरवत चालला होता. मी त्याला बोलावलं.

"एलईडी खराब असेल, ताई."

"तिघांचाही?"

तो वाकला. बूच काढलं, आत बघितलं, परत लावलं. मधल्या महागाच्या डब्याला लॅपटॉप जोडून आत काय चाललंय ते वाचता यायचं. तो डबा परत चालू करून त्याने लॅपटॉप जोडला आणि स्क्रीन वरपासून खालपर्यंत वाचली. मग कोट काढून खुर्चीवर टाकला.

"हा म्हणतो, पलीकडे कोणीतरी आहे."

"कोण?"

"ॲड्रेस नाही दाखवत. फक्त आहे म्हणतो."

तो मुलगा असा की कोडं सुटल्याशिवाय जागचा हलत नाही. केबल बदलल्या, हीटर बंद केला, कपाटाची अर्थिंग तपासली. मी शेजारी उभी. मला नुसतं सुचलं म्हणून विचारलं, "केतन, ड्रॉइंगमध्ये पाच नंबरला काय जाणार आहे?"

"खालच्या खोलीतला फोन. इमर्जन्सीसाठी. अजून ऑर्डर पण नाही केला."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. त्याने कॉलिनला फोन लावला, तो नेहमीसारखा व्हॉइसमेलवर गेला. पुन्हा लावला, तेच.

"नॉर्मल आहे, रेंज नसते," तो म्हणाला आणि कोट उचलला. "मी तसाही जातोच आहे. बघून येतो."

आता इथे मला माझ्या गावचं सांगायला हवं. आमच्याकडे कोणीही विहिरीत उतरायच्या आधी दोरीला कंदील बांधून खाली सोडतात. विझला तर उतरायचं नाही, खाली हवा खराब आहे. मी लहान असताना शेजारच्या मळ्यातल्या दोघा भावांपैकी थोरला कंदील न सोडता विहिरीतलं डिझेलचं इंजिन बघायला उतरला. वर आला नाही म्हणून धाकटा उतरला. दोघांनाही मग दोराने काढलं. थोरल्याचं जाऊ द्या, धाकटा हकनाक गेला असं गाव अजून म्हणतं.

मी दारात उभी राहिले. "एकटा जाऊ नकोस."

"ताई, पंपिंग स्टेशन आहे. विहीर नाही."

"जमिनीखाली आहे ना? मग विहीरच."

"आणि मी काय सांगू लोकांना? बल्ब लागला म्हणून?"

"माझं नाव सांग. म्हणावं त्या नवीन बाईला वेड लागलंय. पण आधी तिकडच्या माणसांना फोन कर, आणि ते येईपर्यंत खाली उतरू नकोस. तुझ्या आईची शपथ आहे तुला."

त्याच्या आईला मी बघितलेलंसुद्धा नाही. पण त्याचा चेहरा बदलला. इतके महिने मी त्या वर्कशॉपमध्ये 'येस' आणि 'सॉरी' याशिवाय फारसं काही बोलले नव्हते, त्यामुळेही असेल. त्याने स्टेशन सांभाळणाऱ्यांच्या कंट्रोल रूमला फोन केला. दिव्याचं सांगितलं नाही. आमचा माणूस एकटा गेलाय, उत्तर देत नाही, एवढंच म्हणाला. त्यांची दोन माणसं जवळच होती, ती निघाली.

आम्ही बसून राहिलो. बाहेर दुपारीच संध्याकाळ झाल्यासारखं होतं, इथे हिवाळ्यात होतं तसं. दिवा लागलेलाच. मी मनात म्हणत होते, लागू दे, लागलाय तोवर तो आहे. पलीकडचं टोक जिवंत असल्याशिवाय लागतच नाही ना हा...

मग तो विझला. कोणी हात लावला नव्हता. केतन म्हणाला, "गेलं." पुढे फारसा वेळ गेला नसेल, फोन वाजला. कॉलिनला नुकतंच वर काढलं होतं.

तो खालच्या खोलीत शिडीपाशी पडलेला होता. नवीन फोनची केबल कुठून आणायची ते बघायला उतरला असणार, पाच मिनिटांचं काम म्हणून. त्या माणसांनी खालच्या खोलीच्या झाकणाशी हवा तपासायचं मीटर धरलं तेव्हाच ते कोकलायला लागलं. खाली श्वास घेण्यासारखी हवाच नव्हती. मास्क लावून उतरले ते. एक जण फोनवर केतनला म्हणाला, तुम्ही कोणी नुसते उतरला असतात तर दोघांना काढलं असतं आम्ही.

केतनने फोन ठेवला आणि व्हॅनची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली.

आणि डॉक्टरांनी सांगितलं की कॉलिनचा जीव सकाळीच गेला होता. उतरल्यावर लगेच. आम्ही जेवायला बसलो त्याच्या खूप आधी.

नंतर चौकशी झाली, आता तिथे दोघांशिवाय कोणी जात नाही. तिन्ही डबे ज्याच्या त्याच्या कंपनीकडे पाठवले, कोणात काही दोष निघाला नाही. केतन म्हणतो, कुठूनतरी करंट आला असेल. कुठून ते त्याला सांगता येत नाही. शेवटी कॉलिनला पसंत होता तोच स्विच घेतला, पॉवरच्या दोन वायरींचा. पॅनेल मीच वायर केलं.

अंत्यविधी झाल्यावर एका पबच्या वरच्या खोलीत चहा-सँडविच होतं. मी कोपऱ्यात उभी होते. कॉलिनची बायको मोरीन माझ्याकडे आली. केतनने तिला दिव्याचं सांगितलं होतं. तिने माझा हात धरला. "शूबी ना? मला एकच सांग. तो दिवा सकाळी लागला की नंतर?"

तिला काय हवंय ते मला कळेना. खोटं बोलता आलं नाही. म्हटलं, "नंतर. जेवण झाल्यावर. सकाळी मी दार उघडलं होतं, तेव्हा नव्हता."

तिने डोळे मिटले. "म्हणजे तो मदतीसाठी नव्हता. खाली पडून तो आमची वाट बघत नव्हता."

"नाही."

"रोज रात्री मला तेच दिसतं. तो वाट बघतोय आणि कोणी येत नाही."

ती रडली, पण खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखी. मग डोळे पुसता पुसता तिचं लक्ष पलीकडे गेलं. केतन काळ्या सुटात, हातात किटली घेऊन म्हाताऱ्या लोकांना चहा ओतत होता. ती त्याच्याकडे बघत राहिली. मीही.

"चाळीस वर्षांच्या संसारात त्याने मला एकदाही वेळेवर फोन केला नाही," मोरीन म्हणाली. "मेल्यावर केला म्हणायचा. आणि तोही मला नाही, त्या मुलाला."

ती हसली. मला हसता आलं नाही, रडताही नाही. मी तिचा हात तसाच धरून उभी राहिले.

महेश म्हणतो, योगायोग. असेल. मला काहीच सांगता येत नाही. तुमच्यापैकी कोणी या लाइनमधलं असेल आणि काही कारण माहीत असेल, तर लिहा. मी वाचेन. पण मोरीनला ते कळवणार नाही.