सायकलीचं घुंगरू

डॉक्टर व्हायचं सोडून मी डॉक्टरकीचा इतिहास लिहायला घेतला, तेव्हा काका म्हणाले होते, "म्हणजे पेशंट तपासायचे, पण मेलेलेच?" मी जाम चिडले होते. मेलेल्यांपर्यंत थांबलं असतं तर बरं झालं असतं, असं हल्ली वाटतं.

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या घरात बसून मी जे लिहिते ते मोठ्या इस्पितळांबद्दल नसतं. गावोगाव लस टोचणाऱ्या, बाळंतपणं करणाऱ्या नर्सबाईंबद्दल असतं. त्यांचं कुणी काही लिहून ठेवलेलं नसतं, त्यामुळे जाऊन विचारावं लागतं. त्यात मी तरबेज आहे. दुसऱ्यांदा आलेला चहा नाकारायचा नाही, आणि समोरची गप्प झाली की आपणही गप्प बसायचं. मग तीच पुढचं बोलते. या कसबाचा मला गर्व होता, खोटं कशाला सांगू.

देवळा तालुक्यातल्या एका गावात अशा एक निवृत्त नर्सबाई राहतात. मी गेले की त्या आणि त्यांची शेजारची मैत्रीण कांदे साठवायच्या चाळीपाशी बसून सडका कांदा वेगळा काढत असायच्या. मैत्रीण फारशी बोलायची नाही. एक मात्र दरवेळी सांगायची, "माझ्यासाठी ही डॉक्टरसंगं भांडली व्हती." आणि नर्सबाई मान खाली घालून कांदे चाचपत राहायच्या.

एकदा मैत्रीण लग्नाला गेली होती. नर्सबाई बोलता बोलता थांबल्या. मीही थांबले, माझ्या सवयीनं.

"ताई, ते मशीन बंद करा," त्या म्हणाल्या. मी रेकॉर्डर बंद केला.

कुटुंबनियोजनाच्या शिबिरात मैत्रिणीला टेबलावर घेतलं होतं. ऐनवेळी ती अहिराणीत म्हणाली, "माले नको." डॉक्टर दूरच्या राज्यातले. त्यांनी इंग्रजीत विचारलं, ही काय म्हणते? नर्सबाईंवर केसेस पुऱ्या करायचा दट्ट्या होता. त्यांनी इंग्रजीतच सांगितलं, घाबरलीय, तुम्ही करा. मैत्रिणीला इंग्रजी कुठलं कळायला? तिला वाटलं, आपलं म्हणणं हिनं सांगितलं, त्या मेल्या डॉक्टरनंच ऐकलं नाही. तेव्हापासून ती नर्सबाईंना धरून राहिली.

"लिहायचं तर लिहा," नर्सबाई म्हणाल्या, "पण मी कोन ते कळू देऊ नका."

मी नाव बदललं. गाव उचलून दुसऱ्या तालुक्यात नेलं. फक्त सायकल तेवढी ठेवली. नर्सबाईंच्या सायकलीची घंटी मोडली होती, म्हणून त्यांनी हँडलला बैलाचं घुंगरू बांधलं होतं. ते वाजलं की सुईच्या भीतीनं पोरं चाळीत लपायची. माझ्या अख्ख्या लेखातलं सगळ्यात देखणं वाक्य तेच होतं, आणि ते मला सोडवेना. लेख रविवारच्या पुरवणीत आला. त्या वाक्याचं कौतुकही भरपूर झालं.

मग एके दिवशी नर्सबाईंचा फोन आला. कुणीतरी मोबाईलवर पाठवलेला लेख मैत्रिणीच्या नातीनं तिला मोठ्यानं वाचून दाखवला होता. घुंगरू आल्याबरोबर नात ओरडली, "आजी, ही तर आपली नर्सबाई!" दोघी खूश झाल्या. आजी म्हणाली, वाच, पुढं वाच.

मी दुसऱ्याच दिवशी गेले. चाळीपाशी नर्सबाई एकट्याच होत्या. मैत्रीण त्या दिवसापासून आलेली नव्हती. मी माफी मागितली. माफी मागताना रडूही आलं, आणि त्याचीही लाज वाटली. रडायची पाळी माझी नव्हती.

"मी त्यांच्याकडे जाऊन बोलू का?" मी विचारलं.

"काय बोलनार? लेखातलं खोटं हाय म्हनून?"

मी खरंच तेच सांगणार होते. इतकी वर्षं कॉलेजातल्या पोरांना पुरावा, पुरावा म्हणून शिकवणारी मी, ते सगळं मी मनानं रचलं असं सांगायला तयार होते.

"तिच्या वतीनं मी एकदा बोलले," नर्सबाई म्हणाल्या. "आता माझ्या वतीनं तुम्ही नका बोलू."

निघाले तेव्हा वाटेत मैत्रिणीचं घर लागलं. ती ओट्यावर बसली होती. तिनं मला ओळखलं. शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. ती बराच वेळ काही बोलली नाही, आणि या वेळी मी कसब म्हणून गप्प नव्हते, मला काही सुचतच नव्हतं.

"बरी हाय का ती?" तिनं विचारलं.

"तुम्हीच जाऊन बघा ना एकदा," मी म्हटलं. ती उठून आत गेली.

नर्सबाईंचं घर मागे चार पावलांवर होतं. ती तुमची चौकशी करत होती, एवढंच जाऊन सांगायचं होतं. मी गाडीपाशी उभी राहिले. एकीचं बोलणं दुसरीकडे पोचवायला मला आजवर कधी विचार करावा लागला नव्हता. शेवटी न सांगताच मी नाशिकला आले. कांद्याचा हंगाम संपला, त्या दोघी बोलतात की नाही मला माहीत नाही, आणि फोन करून विचारायची हिंमत होत नाही.